हाइमवेची पणजी आणि काशीची आई

भीमाबाईंना त्या जर्मन शब्दाचा राग आला होता. शब्दावर कुणी राग धरतं का, असं तुम्ही म्हणाल. पण पोटची लेक जेवणखाण विसरून कुणा परक्या शब्दाच्या आईची, आजीची, पणजीची चौकशी करत बसली असेल आणि आपल्याला मात्र आपल्या सख्ख्या आईचं नावसुद्धा ठाऊक नसेल, तर राग नाही येणार तर काय कौतुक वाटणार?

शब्दाचं नाव हाइमवे. दोन तुकड्यांचा शब्द. हाइम म्हणजे घर आणि वे म्हणजे दुखणं. घरापासून लांब गेलेल्या माणसाला आतून जे दुखत राहतं ते हाइमवे. भीमाबाईंची मुलगी सीमा एका मोठ्या शब्दकोशाच्या ऑफिसात कामाला होती आणि तिचं काम हेच, शब्दांची वंशावळ काढायची. आठवड्यातून एक दिवस ऑफिसला जायची. बाकीचे दिवस लंडनमधल्या क्रॉयडनच्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलावर लॅपटॉप, त्याच्याभोवती पुस्तकांचा ढीग आणि ढिगाच्या मधोमध गार झालेला चहा. "अगं, तो चहा तरी पी," भीमाबाई म्हणायच्या. "एक मिनिट आई, ह्याची आजी सापडतेय," असं उत्तर यायचं. ते मिनिट दुपारपर्यंत चालायचं.

गंमत म्हणजे सीमाला मेलेल्या भाषा सहा-सात यायच्या, पण तिचं जिवंत मराठी क्रॉयडनमध्ये जन्मलेलं. "आई, माझा मान दुखतो," म्हणायची. भीमाबाई दुरुस्त करायच्या, मग ती "येस येस, माझी मान" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी बिचाऱ्या मानेला पुन्हा पुरुष करून टाकायची.

भीमाबाई एकोणऐंशीच्या. नवऱ्यामागोमाग या देशात आल्या तेव्हा तिशीही गाठली नव्हती. हॉस्पिटलच्या शिवणखोलीत चादरी, गाऊन आणि पडदे शिवत त्यांनी नोकरी पुरी केली. नवरा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गुडघे कुरकुरत होते, हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती, आणि जूनमध्ये ती दुरुस्त करायची असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. "व्हेरी रूटीन," असं जो तो म्हणत होता. भीमाबाई मान डोलवायच्या आणि मनात म्हणायच्या, तुम्हाला रूटीन असेल रे बाबांनो, मी पहिल्यांदाच करतेय.

त्याआधी त्यांना एक गोष्ट उरकायची होती. वैशाखी पौर्णिमेनंतरच्या रविवारी इथल्या बौद्ध मंडळींचा कार्यक्रम असायचा, भाड्याच्या कम्युनिटी हॉलमध्ये. वंदना व्हायची, भाषणं व्हायची, आणि शेवटी या मंडळाची स्वतःची अशी एक रीत होती. घरटी एकाने पुढे यायचं, मूर्तीसमोर मेणबत्ती लावायची आणि आपल्या गेलेल्या माणसांची नावं खणखणीत आवाजात घ्यायची. गावाकडे ज्यांना कुणी धड नावाने हाक मारली नाही, मारली ती तोडूनच, त्यांची नावं इथे पुऱ्या मानाने घ्यायची. प्रत्येक नावानंतर सगळा हॉल "साधु, साधु, साधु" म्हणायचा.

भीमाबाई वडिलांचं नाव घ्यायच्या, वाढवणाऱ्या आत्याचं घ्यायच्या, नवऱ्याचं घ्यायच्या. मग थांबायच्या. मग खाली बघून म्हणायच्या, "आणि आई." हॉल साधु म्हणायचाच, हॉलचं काय जातंय! पण जागेवर येऊन बसताना त्यांना दरवर्षी वाटायचं, दारापर्यंत आलेल्या बाईला आपण बाहेरच उभं ठेवलं. यंदा तिला नावाने हाक मारून आत घ्यायचं होतं. झडप मग उघडो नाहीतर मिटो.

आई गेली ती भीमाबाईंच्या जन्मातच. वडील नागपुरात गिरणीत. त्यांनी पाच वर्षांचा मुलगा काशीनाथ स्वतःजवळ ठेवला आणि तान्ही पोर चांद्याला बहिणीच्या ओटीत घातली. आत्याने जीव लावला, पण वहिनीला ती वहिनीच म्हणायची. आजूबाजूच्यांना ती काशीची आई. नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायची तर रीतच नव्हती, आणि ती गेल्यावर वडिलांनी तिचा विषयच बंद केला. एकूण काय, ज्या बाईने दोन जीव जगात आणले तिचं नाव सगळ्यांच्या तोंडातल्या तोंडात विरघळून गेलं. आत्याच्या शेजारणी मात्र बोलक्या होत्या. "आईला खाऊन आलेली पोर," त्या म्हणायच्या, आणि भीमा अंगणात भांडी घासता घासता ते ऐकायची. मेल्यांना एवढं बोलता यायचं, पण नाव तेवढं कुणाला सांगता आलं नाही.

काशीनाथदादाला माहीत असणार, ही खात्री त्यांच्या मनात पहिल्यापासून होती. पाच वर्षं आईच्या मांडीवर काढलेला मुलगा तो. पण विचारायचं कसं? ज्याची आई आपण हिरावून घेतली त्यालाच फोन करून म्हणायचं, दादा, तिचं नाव काय होतं रे? आयुष्यभर जीभ रेटली नाही. भाऊबहीण भेटले ते लग्नांत आणि मयतीला, तेही पाहुण्यांच्या गर्दीत. आणि आता चौऱ्याऐंशी वर्षांचा काशीनाथदादा व्हिसा काढून मुलाकडे, बेसिंगस्टोकला आला होता. शनिवारी भीमाबाई आणि सीमा त्याला भेटायला जाणार होत्या, आणि रविवारी तो कार्यक्रमाला येणार होता.

शुक्रवारी दुपारी भीमाबाई खिडकीशी खुर्चीत पडल्या होत्या. खालून ट्रॅम जात होती, घंटा वाजवत, मिचमच्या बाजूला. मे महिन्याचं ऊन पायांवर आलं होतं आणि डोळे आपोआप जड होत होते.

"कुठवर आला तुझा हाइमवे?" त्यांनी विचारलं.

सीमाला हे विचारायचा अवकाश! खुर्ची ओढून ती आईजवळ येऊन बसली. हा शब्द स्वित्झर्लंडच्या डोंगरातला, ती सांगू लागली. तिथली तरुण पोरं भाडोत्री शिपाई म्हणून परमुलखात जायची आणि तिथे अन्नपाणी सोडून झुरायची. तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी एका शिकाऊ डॉक्टरने तर हा आजार म्हणून लिहून काढला. मग इंग्रजांनी शब्द पाहिला, त्यांना आवडला, त्यांनी दोन्ही तुकड्यांचं आपल्या भाषेत भाषांतर केलं आणि होमसिकनेस तयार केला.

"म्हणजे चोरला."

"चोरला नाही, आई. पॅटर्न घेतला. तू ब्लाउजचा घेतेस तसा."

हे भीमाबाईंना पटलं. "आणि पणजी?"

"हाइमची पणजी खूप जुनी आहे. तिच्या लेकी सगळीकडे गेल्या. इंग्रजीतला होम तिचाच. आपल्या ट्रॅमच्या मिचमच्या स्पेलिंगमधला शेवटचा 'हॅम' पण तिचाच नातू, घर, वस्ती अशा अर्थाचा. लिथुआनियात गावाला कायमास म्हणतात. आणि आई, आपल्याकडे क्षेम आहे ना? पालीत खेम? बऱ्याच लोकांना वाटतं की ती पण तिचीच लेक. सगळे नाही मानत, भांडतात. पण मला पटतं."

"वंदनेतला खेम?" भीमाबाईंनी डोळे उघडले. "म्हणजे सुखरूप तो?"

"तोच. जिथे भीती नाही ती जागा."

भीमाबाई ज्या घरात वाढल्या ते वेशीबाहेरचं; विहिरीवर पाणी मागायचं ते लांब उभं राहून, कुणी वरून ओतलं तर ओंजळीत घ्यायचं. त्या घराची आठवण येऊन त्यांचं कधी काही दुखलं नव्हतं. लोक विचारायचे, तुम्हाला होमसिक नाही का होत? त्या म्हणायच्या, छे हो, इथे नळाला कुणाला विचारावं लागत नाही. दुखायचं ते दुसऱ्याच जागी.

"आणि त्या वे-ची आई कोण?"

"वे अनाथ आहे," सीमा हसून म्हणाली. "म्हणजे तो मुळात शब्द पण नाही. नुसता ओरडणं. दुखलं की माणसाच्या तोंडातून निघतं ते. रोमन लोक पण जवळजवळ तसंच ओरडायचे."

"आपण आई गं म्हणतो."

"हो ना."

"जिने आई बघितलीच नाही, तीसुद्धा ठेच लागली की आई गंच म्हणते," भीमाबाई म्हणाल्या. मग एकदम उठून बसल्या. राग आलाच होता, तो आता तोंडाशी आला. "सीमा, तू गोऱ्यांच्या शब्दांच्या पणज्या शोधतेस. हजारो वर्षांच्या. माझी एक आई शोधून दे ना मला. फक्त नाव. जास्त काही मागत नाही."

सीमाचा चेहरा उतरला. "आई, मी शोधलं. तू विचारायच्या आधी पण शोधलं होतं. इथल्या माणसांचं चर्चच्या दप्तरात चारशे वर्षांपर्यंत मिळतं. आपलं काहीच नाही. शाळेचा दाखला बघ, कुठलाही कागद बघ, सगळे बापाचा नाव विचारतात."

"बापाचं नाव," भीमाबाई सवयीने म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

शनिवारी क्लॅपहॅम जंक्शनला गाडी बदलून दोघी बेसिंगस्टोकच्या ट्रेनमध्ये बसल्या. गाडी डुलत होती, बाहेर हिरवं-पिवळं काहीतरी सरकत होतं, आणि भीमाबाई अर्ध्या जाग्या, अर्ध्या झोपेत. त्यांना दिसलं की डब्याच्या वाटेने बायकांची एक रांग चाललीय. सगळ्यांच्या डोक्यावर पदर, सगळ्या पाठमोऱ्या. मागची पुढचीच्या पदराला धरून. पहिल्या काही जणी ओळखीच्या वाटल्या, म्हणजे पाठीवरून वाटतात तशा. त्यांतली एक म्हणाली, मी मिचमची. एक म्हणाली, मी डोंगरातली, माझं पोरगं शिपाईगिरीला गेलं ते आलंच नाही. भीमाबाई त्यांना वाट करून देत पुढे पुढे गेल्या, कारण रांगेच्या पार पुढे एक ठेंगणी बाई होती आणि तिच्या पदराला कुणीच धरलेलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. हाक मारायची होती. तोंड उघडलं, पण कुठल्या नावाने मारणार? मग गाडी थांबली आणि सीमाने त्यांना हलवलं.

स्टेशनवर सम्यक आला होता, काशीनाथदादांचा मुलगा, तिथल्या एका आयटी कंपनीत कामाला. नव्या वसाहतीतलं सारख्या विटांचं घर, मागे रुमालाएवढी बाग. सम्यकची बायको ड्युटीवर गेलेली, म्हणून त्यानेच वांग्याची भाजी केली होती आणि ती ठसकेदार झाली होती. काशीनाथदादा दारातच उभे होते, काठी टेकून. भीमाबाईंना बघताच त्यांनी काठी सोडली आणि दोन्ही हातांनी बहिणीचं तोंड धरलं. "बारीक झालीस भीमा," म्हणाले. त्या बारीक कसल्या! पण मोठ्या भावाने असंच म्हणायचं असतं.

जेवणं झाली. सम्यक म्हणाला, बाहेर बसू, ऊन छान आहे. काशीनाथदादा सरकतं दार उघडून बागेत उतरले, उन्हाकडे तोंड केलं आणि फाडकन शिंकले. पुन्हा शिंकले. मागोमाग भीमाबाई उतरल्या. त्यांनीही दोन शिंका ठेवून दिल्या. "अरे, सर्दी आहे का तुम्हा दोघांना?" म्हणत सम्यक बाहेर आला आणि ट्रे हातात धरून असा काही शिंकला की कपातला चहा बशीत आला. सीमा दारातच थांबली होती. बाहेर पाऊल टाकलं आणि तीही शिंकली. मग चौघेही एकमेकांकडे बघून हसायला लागले. भीमाबाईंचं आणि दादांचं हसणं आधी आवाज न करता नुसतं खांद्यांतून यायचं, आणि सीमा ते टक लावून बघत होती.

हसू ओसरलं. भीमाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "दादा," त्या म्हणाल्या, "एक विचारू? रागावू नको."

"विचार की."

"आईचं नाव काय होतं?"

काशीनाथदादांचा चेहरा असा झाला की भीमाबाईंना वाटलं, विचारायलाच नको होतं. मग ते हळूच म्हणाले, "मला वाटलं, तुला माहीत असेल."

"मला कसं माहीत असणार?"

"आत्याने सांगितलं असेल. बायका सांगतात आपसात. मी तर आईच म्हणायचो गं. आईला आई म्हणतात, पाच वर्षांचं पोर नाव कशाला विचारतंय? पुढे शहाणा झालो तेव्हा बाबांना विचारायची छाती झाली नाही. आणि तुला विचारू म्हटलं तर..." ते थांबले. "वाटलं, तू म्हणशील, पाच वर्षं आई लाभली आणि नावसुद्धा राखलं नाही मेल्याने."

घ्या! एक समजून चालला होता की तिला ठाऊक, एक समजून चालली होती की त्याला ठाऊक. दोघेही लाजेने गप्प. एवढी लग्नं झाली, एवढ्या मयती झाल्या, शेजारी शेजारी पंगतीत बसून वरणभात खाल्ला, पण कुणी तोंड उघडलं नाही. भीमाबाईंना असं वाटलं की कुणीतरी त्यांच्या हातातला शेवटचा दोरा तोडला. आता विचारायला जगात कुणीच उरलं नव्हतं.

सीमा खाली गवतावर येऊन बसली. "मामा, तुमचे वडील उन्हात आले की शिंकायचे का?"

"हे काय मध्येच?" सम्यक म्हणाला.

"सांगा ना, मामा."

"बाबा? नाही. कधीच नाही." काशीनाथदादा विचारात पडले. "उलट मी शिंकलो की ते माझ्याकडे बघत राहायचे. मग उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, रागावले."

"आणि तुम्ही दोघे एका घरात कधी राहिला नाहीत. म्हणजे एकमेकांचं बघून उचललं असं नाही." सीमाचे डोळे चमकायला लागले होते, आणि ती चांगल्या मराठीतून घसरून तिच्या नेहमीच्या मराठीत आली. "आई, हेच माझा काम आहे. हाइमची पणजी कुणी लिहून ठेवलेली नाही. तिच्या काळात लिहिणं पण नव्हतं. कुणीच तिला ऐकलेलं नाही. मग आम्ही काय करतो? तिची लेकरं समोर बसवतो. जे सगळ्यांत सारखं आहे आणि जे शेजाऱ्याकडून उसनं आणलेलं नाही, ते आईकडून आलं. तसं करत करत आईचं रूप तयार होतं. आणि ते लिहिताना आम्ही आधी एक स्टार काढतो. छोटासा तारा."

"कशाला?"

"प्रामाणिकपणाला. तारा म्हणजे, हे कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, हे आम्ही बांधलंय, चुकीचं असू शकतं. पण लेकरं आहेत ना? म्हणजे ही होती. तिच्याशिवाय ही लेकरं आलीच नसती."

शेजारच्या घरात कुणीतरी गवत कापत होतं. भीमाबाईंच्या डोळ्यांसमोर एक ठेंगणी बाई झोपडीच्या दारातून उन्हात आली, दोनदा शिंकली आणि आवाज न करता खांद्यांतून हसली. तिच्याकडे बघणारा गिरणीतला एक तरुण माणूसही त्यांना दिसला. एवढं तिचं त्यांना पूर्वी कधीच मिळालं नव्हतं.

"तिला तारा लावून नाव द्यायचं," भीमाबाई म्हणाल्या. "खेमा द्यायचं."

"आईचं नाव आपण ठरवायचं?" काशीनाथदादा एकदम कडक झाले. "नाही पटत मला. भर सभेत खोटं सांगायचं? तिचं खरं काहीतरी होतंच ना? कुणीतरी तिलाही हौसेने हाक मारली असेल. ते पुसून आपण आपलं ठोकून द्यायचं?"

"ते पुसलेलंच आहे दादा. आपण नाही पुसलं."

"तरी नाही पटत." त्यांनी काठी उचलली आणि ते आत गेले. सम्यकने मान हलवली, म्हणजे आता यांना बोलून उपयोग नाही. परतीच्या ट्रेनमध्ये भीमाबाई जाग्याच राहिल्या. त्यांना दादाचा राग आला नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतंच, आणि तेच तर दुखत होतं.

रविवारी हॉल भरला होता. अरुणाताई, मंडळाच्या सेक्रेटरी, दारात प्रत्येकाला चहा की कॉफी विचारत होत्या. पांढरे कपडे, पाठीमागे समोशांचा वास, आणि उंच खिडक्यांतून आलेल्या उन्हात धुळीचे कण सावकाश तरंगत होते. वंदना झाली. खेम हा शब्द आला तेव्हा सीमाने आईचा हात दाबला. काशीनाथदादा आणि सम्यक मागच्या रांगेत बसले होते. दादा काल रात्रीपासून कुणाशी फारसं बोलले नव्हते, असं सम्यक म्हणाला.

नावं सुरू झाली. लोक एकेक करून पुढे जात होते, मेणबत्त्या वाढत होत्या, साधु साधुचा आवाज छताला लागून खाली येत होता आणि भीमाबाईंना सगळं पाण्याखालून ऐकल्यासारखं वाटत होतं. त्यांची पाळी आली. त्या गेल्या, मेणबत्ती लावली. वडिलांचं नाव घेतलं. साधु. आत्याचं घेतलं. साधु. नवऱ्याचं घेतलं. साधु.

मग त्या थांबल्या. नाव ओठांवर होतं. पण त्याच्या आड त्या शेजारणी उभ्या राहिल्या, चांद्याच्या अंगणातल्या, कमरेवर हात ठेवून. आईला खाऊन आलेली पोर. खाऊन आलेल्या पोरीने वर तिचं नावही स्वतःच ठरवायचं? हॉल वाट बघत होता. नेहमीचं "आणि आई" म्हणून परत जावं, एवढाच विचार उरला, आणि तेही तोंडातून निघेना.

मागून काठीचा आवाज आला. काशीनाथदादा सावकाश, खुर्च्यांना धरत धरत, पुढे येत होते. कुणीतरी हात दिला, तो त्यांनी झटकला. ते बहिणीशेजारी उभे राहिले आणि दम लागलेल्या आवाजात लोकांना म्हणाले, "आमची आई. खेमा. हे नाव आम्ही काल ठेवलं. खरं नाव आम्हा दोघांनाही माहीत नाही. कुणी लिहिलं नाही, कुणी सांगितलं नाही. पण ती होती."

हॉल साधु म्हणणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांबा. मला तिचं एक आठवतं. कुणाला सांगितलं नाही कधी, कारण कुणी विचारलंच नाही. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा मला बाहेर काढलं. मी तिचा पदर सोडेना, रडत होतो. तर ती म्हणाली, रडू नको काशी, मी आत जाते आणि तुझ्यासाठी बाळ घेऊन येते. बघ, आणतेच." त्यांनी हात भीमाबाईंच्या डोक्यावर ठेवला. "आणलं तिने. हे बघा. माझ्या आईने शब्द पाळला."

हॉल साधु म्हणायचं विसरला. मग भीमाबाईंनीच म्हटलं, तीनदा, मोठ्याने.